घरातल्या बंदुका किती पुरेत? कोणती ठेवायची, कोणती सोडायची

कोकणात, कोल्हापूर-सांगलीकडे, गोव्यात किंवा विदर्भातल्या जुन्या मालगुजारांच्या घरात आजही एकाच कपाटात बारा बोअरची दुनळी, आजोबांची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) आणि वडिलांनी पुढे कधीतरी घेतलेलं .३२ चं रिव्हॉल्वर सापडतं. संग्रह करायचा म्हणून कुणी हे जमवलेलं नसतं. एक शेतराखणीला आलं, एक शिकारीच्या काळात, एक हौसेनं. वडील जातात तेव्हा हे सगळं एका माणसाच्या अंगावर पडतं आणि काय ठेवायचं, काय सोडायचं हा प्रश्न उभा राहतो.

कायदा सांगतो, जास्तीत जास्त दोन. पण ही वरची हद्द आहे, गाठायचं लक्ष्य नाही. माझं मत असं आहे: जिचा आजचा उपयोग काय, जिची निगा कोण राखतं आणि तुमच्यानंतर ती कुणाकडे जाईल, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं न अडखळता देता येतात तेवढ्याच बंदुका घरात असाव्यात. हा हिशोब प्रामाणिकपणे मांडला तर बहुतेक घरांत उत्तर एक येतं, आणि पुष्कळ घरांत शून्य. तो हिशोब कसा मांडायचा, ते क्रमानं सांगतो.

१. आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री

मोजदाद, फोटो, साफसफाई, सगळं यानंतर. दुनळी मोडून नळ्यांच्या मागची काडतूस बसायची जागा, म्हणजे ‘घर’, दोन्हींत बोट घालून पाहा. रिव्हॉल्वरचं चक्र बाहेर काढून प्रत्येक खण बघा. हे करताना नळीचं तोंड माणसाकडे नको, आणि भिंतीपलीकडे माणूस असेल तर त्या भिंतीकडेही नको. बोट चापाबाहेर. काडतुसं सापडली तर ती त्याच वेळी दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट वेगळी, आणि खरा धोका तिथेच आहे. ती मोडून बघता येत नाही. कोकणातल्या कित्येक घरांत माकडांसाठी किंवा डुकरांसाठी भरलेली बंदूक तशीच खुंटीला राहून गेलेली असते. भरणारा माणूस गेला तरी बार आतच असतो. कोरडी राहिलेली काळी दारू, म्हणजे बंदुकीची जुनी बारूद, वर्षानुवर्षं टिकते. तपासायची रीत जुनी आणि सोपी आहे. निपलवर (नळीच्या मागच्या, ठिणगी आत नेणाऱ्या टोकावर) कॅप, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, नाही ना ते आधी बघा. मग बाजूला उभं राहून गज नळीत सोडा, तो थांबेल तिथे नळीच्या तोंडाशी गजावर खडूची खूण करा. गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून धरा: खूण नळीच्या तोंडाशी ठेवली की गजाचं दुसरं टोक मागे निपलपर्यंत पोचायला हवं. ते बोटभर, दोन बोटं अलीकडेच राहिलं तर आत काहीतरी आहे. कधी तो नुसता चिंध्यांचा बोळा असतो, कधी पूर्ण बार. दोन्ही वेळा काम तिथेच थांबवा. गज ठोकून, स्क्रू घालून किंवा पाणी ओतून स्वतः बार काढायला जाऊ नका. परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याला किंवा पोलिस ठाण्याला कळवा.

२. कागद आणि लोखंड जुळवा

आता परवान्याचं पुस्तक उघडा. त्यात प्रत्येक शस्त्राचा प्रकार, बोअर, बनावट आणि क्रमांक लिहिलेला असतो. तोच क्रमांक बंदुकीवर शोधायचा: बहुधा चापाच्या कडीच्या मागच्या पट्टीवर किंवा नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर. जुन्या बंदुकांवर तो झिजलेला असतो. टॉर्च तिरका धरला की आकडे उठून दिसतात. एकाचा सात झालेला, आठाचा तीन झालेला, अशा चुका नूतनीकरणाच्या वेळी नवं पुस्तक लिहिताना होतात आणि पिढ्यान्‌पिढ्या तशाच राहतात. क्रमांक जुळत नसेल तर ती चूक परवाना देणाऱ्या कार्यालयात लेखी अर्ज करून दुरुस्त करून घ्या. आयुक्तालय असलेल्या शहरांत हे काम पोलिस आयुक्तांकडे, बाकी जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे असतं.

पुस्तकात परवान्याचा विशिष्ट ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, आहे का तेही बघा. राष्ट्रीय नोंदणीत न आलेले, हा क्रमांक नसलेले परवाने आता वैध धरले जात नाहीत. गावाकडच्या अनेक वयस्कर परवानाधारकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. त्यांच्या दृष्टीनं सही-शिक्क्याचं पुस्तक कपाटात आहे म्हणजे सगळं ठीक.

मग एका वहीत प्रत्येक बंदुकीची एक ओळ लिहा: क्रमांक, कुणाच्या नावावर, परवाना कधी संपतो, काडतुसं किती, शेवटची कधी चालवली, शेवटची कधी साफ केली. या शेवटच्या दोन रकान्यांत ‘आठवत नाही’ असं लिहावं लागलं तर त्या बंदुकीबद्दलचा अर्धा निर्णय झालाच.

३. कायद्याची हद्द

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये पूर्वी एका माणसाला तीन अग्निशस्त्रं ठेवता येत. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनं ती संख्या दोनवर आली. ज्यांच्याकडे तीन होती त्यांनी कोणतीही दोन ठेवून तिसरं एका वर्षात जमा करायचं होतं. ती मुदत २०२० च्या डिसेंबरात संपली. वारसाहक्कानं परवाना देतानाही दोनाची हद्द ओलांडता येत नाही, हे त्याच दुरुस्तीत स्पष्ट आहे. म्हणजे ‘माझ्या दोन आणि वडिलांच्या दोन’ अशी बेरीज एका नावावर होत नाही. याच दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली आणि विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान दोन, कमाल पाच वर्षं केली. लग्नात, वरातीत, निवडणुकीच्या विजयात हौसेनं हवेत बार काढला आणि त्यामुळे कुणाच्या जिवाला धोका निर्माण झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

तिसरी बंदूक अजून घरातच असेल तर आजच वकिलाशी बोला आणि तिची रीतसर जमा करण्याची वाट काढा. माळ्यावर गुंडाळून ठेवणं, विहिरीत टाकणं, भाच्याच्या शेतघरात नेऊन ठेवणं हे गुन्ह्यात भर घालणारे प्रकार आहेत.

४. प्रत्येकीला तिचं काम विचारा

शेतराखण हे आजही खरं कारण आहे. सिंधुदुर्गात, रत्नागिरीत, गोव्यात डुकरं आणि माकडं एका रात्रीत भुईमूग, नाचणी, नारळ यांचं काय करतात ते शेतकऱ्यालाच विचारावं. पण शेतसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानडुकराला मारायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. राखणीसाठी बार काढायला एक एकनळी पुरते. दुसरी कशासाठी, याचं उत्तर मला तरी आजवर कुणाकडून पटेल असं मिळालेलं नाही.

स्वसंरक्षणाच्या बाबतीत लोक स्वतःची फसवणूक करतात. नीट ठेवलेलं शस्त्र कुलपात असतं, काडतुसं दुसऱ्या कुलपात. ते रात्री अर्ध्या झोपेत बाहेर काढून चालवायचं तर सराव हवा, आणि सराव वर्षानुवर्षं झालेला नसतो. एका रिव्हॉल्वरचा सराव होत नसेल तर दुसऱ्यानं सुरक्षितता वाढत नाही. चोरीला जाऊ शकणारी वस्तू तेवढी वाढते. आणि चोरीला गेलेल्या परवान्याच्या शस्त्राचा माग शेवटी तुमच्याच दारात येतो.

शिकारीच्या काळातल्या रायफली १९७२ च्या कायद्यानंतर हळूहळू बिनकामाच्या झाल्या. त्या राहिल्या आठवणीपोटी. आठवण हे कारण मी हलकं मानत नाही. वडिलांचा हात ज्या दस्त्यावर घासून गुळगुळीत झाला तो दस्ता सोडणं जड जातं. म्हणून माझा सल्ला असा: आठवणीसाठी एक ठेवा, ती कोणती ते भावंडांनी एकत्र बसून ठरवा, आणि तिचाही परवाना, निगा, वारस हे सगळं इतर बंदुकीइतकंच काटेकोर असू द्या. बाकीच्यांचे चांगले फोटो काढा, कुणाची, कुठून आली ते लिहून ठेवा.

फारच जुन्या बंदुकांसाठी दोन गोष्टी माहीत असाव्यात. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा कालबाह्य किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्राला अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये सूट आहे. आणि फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार ‘क्युरिओ’ (संग्रहात ठेवायच्या जुन्या, दुर्मीळ वस्तू) वर्गातली लहान शस्त्रं नुसती बाळगायला परवाना लागत नाही. ती वापरायची, बरोबर न्यायची किंवा हलवायची तर लागतो. पण आपली बंदूक त्या वर्गात बसते की नाही हे आपण घरी बसून ठरवायचं नाही. लेखी उत्तर घ्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाहीत, हे परदेशातल्या भावंडांनी विशेष लक्षात ठेवावं.

५. चालवण्याजोगी आहे का?

जुनी दुनळी असेल तर नळ्या उतरवा, खालची सपाट बाजू वर करा आणि भिंग लावा. इंग्लिश बंदुकीवर ‘नायट्रो प्रूफ’ किंवा मुकुटाखाली ‘एनपी’ असा शिक्का सापडला तर ती धूरविरहित (नायट्रो) दारूसाठी तपासली गेली होती. बेल्जियमची असेल तर लंबगोलात ‘ईएलजी’ दिसेल. ती तिथल्या लीएज शहरातल्या तपासणीची खूण, पण त्या एका खुणेवरून नायट्रोची चाचणी झाली असं धरू नये. नळीच्या अंगावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली तर बहुतेक ती दमास्कस नळी आहे: लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून एकजीव केलेली, काळ्या दारूच्या काळातली. दिसायला ती सगळ्यांत देखणी. आजचं काडतूस तिच्यात घालणं मात्र हात आणि डोळा पणाला लावणं आहे. अनेक जुन्या बंदुकांची घरं ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी कातलेली असतात. त्यांत ७० मिलिमीटरचं काडतूस बसतं, पण फुटताना त्याला उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चालेल, असं इथे नाही.

अशी बंदूक ‘वापरातली’ म्हणून मोजू नका. ती आठवणीच्या खात्यात टाका आणि मग त्या खात्यात किती झाल्या ते बघा.

६. पावसाळ्याची परीक्षा

जून ते सप्टेंबर हे चार महिने कुठल्याही संग्रहाचा खरा आकार दाखवून देतात. किनारपट्टीवर हवेतली ओल इतकी असते की उघड्या हातानं धरलेल्या नळीवर काही दिवसांत बोटांचे तांबूस ठसे उमटतात. चामड्याच्या म्यानात किंवा पेटीत बंदूक ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि गंज नेमका आतून चढतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बाहेर काढा, आतून-बाहेरून कोरडं फडकं फिरवा, तेलाचा पातळ हात द्या, दस्त्याला जवसाच्या तेलाचं एक बोट. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदला. काळी दारू चालवलेली ठासणीची तर त्याच दिवशी गरम पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून, तेल लावून ठेवावी लागते. एक रात्र राहिली तरी नळी गंजू लागते.

एका बंदुकीला हे नीट करायचं तर अर्धा-पाऊण तास सहज जातो. मागच्या पावसाळ्यात हे किती वेळा केलंत? त्या उत्तरातून तुम्हाला किती बंदुका सांभाळता येतात ते कळेल. नोकराला किंवा पुतण्याला ‘जरा पुसून ठेव’ सांगण्याची सोय इथे नाही, कारण परवाना तुमच्या नावावर आहे.

नेमबाजांसाठी वेगळा हिशोब

खेळाडूंना दोनाची हद्द तशीच लागू नाही. मान्यताप्राप्त रायफल क्लबचा किंवा संघटनेचा सदस्य सरावासाठी .२२ ची रायफल किंवा एअर रायफल वापरत असेल तर त्याला कायद्यातच सूट आहे. २०२० च्या अधिसूचनेनं नामवंत नेमबाजांना एका प्रकारासाठी आठ, दोन प्रकारांसाठी दहा आणि त्याहून अधिक प्रकारांसाठी बारापर्यंत शस्त्रांची मुभा दिली. उदयोन्मुख नेमबाजांना आपल्या प्रकारातली दोन. सामान्य नागरिक म्हणून मिळणारी दोन याशिवाय. .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त जोर नसलेल्या एअरगनला परवाना लागत नाही.

मुभा मोठी आहे, आणि नव्यानं नेमबाजीला लागलेल्या मुलांचे पालक इथेच वाहवत जातात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. हा प्रकार एकाच .२२ रायफलीवर गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून खेळतात. तीन स्थिती, एक रायफल. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत याही कोल्हापूरच्याच. त्यांच्या वाटेवर चालायचं तर पैसा आधी काडतुसं, रेंज, जॅकेट आणि प्रशिक्षक यांवर जावा. पहिली दोन-तीन वर्षं क्लबच्या शस्त्रावर काढली तरी काही बिघडत नाही. दुसरी रायफल कधी? पहिलीच्या मर्यादेमुळे गुण अडलेत असं तुमचा प्रशिक्षक म्हणेल तेव्हा, किंवा प्रकार बदलेल तेव्हा. नवं मॉडेल आलं, मित्रानं घेतलं, सवलत आहे, ही कारणं धरू नका.

७. घरातल्या माणसांकडे बघा

मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे. घरात कुणी खोल निराशेत असेल, कर्जानं खचलेलं असेल, दारू पिणं वाढलं असेल, जमिनीवरून भाऊबंदकी पेटली असेल, तर त्या घरातली योग्य संख्या शून्य आहे, निदान तेवढ्या काळापुरती तरी. जीव द्यायचा विचार अनेकदा काही तासांत, कधी काही मिनिटांत ओसरतो, पण बंदूक हाताशी असेल तर तेवढी सवड मिळत नाही. घरातली बंदूक हा धोका वाढवते, हे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. अशा वेळी शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. निमित्त विचारलं तर दुरुस्तीला दिलंय म्हणा. किल्ली लपवली म्हणून निर्धास्त राहू नका. घरातल्या माणसाला किल्लीची जागा माहीत असतेच. आणि त्या माणसाशी बोला; १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

लहान मुलं असतील तर पोलादी कपाट, चापाचं कुलूप, आणि काडतुसं वेगळ्या खोलीत, ही तिन्ही एकदम हवीत.

८. पुढचा धनी कोण?

परवानाधारक गेला की त्याची बंदूक आपोआप मुलाची होत नाही. घरच्यांनी ती विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची, आणि वारसानं मग स्वतःच्या नावानं अर्ज करायचा. तेराव्यापर्यंत थांबू म्हणत वर्ष उलटलेली प्रकरणं पुष्कळ आहेत.

त्याआधीची चांगली वाट शस्त्र नियम २०१६ मध्ये आहे: परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच वारस सुचवू शकतो. वारसात मुलगी, सून, जावईही येतात. बाबा धडधाकट असताना हा विषय काढा. प्रत्येक बंदुकीचं नाव घेऊन विचारा, ‘ही कुणाला हवी?’ मुलं मान खाली घालून गप्प राहिली तर तेच उत्तर समजा. पुण्यात-मुंबईत दोन खोल्यांत राहणाऱ्या मुलाला बारा बोअर नको असते. वडिलांचं मन राखायला तो तसं बोलत नाही इतकंच.

९. जास्तीची कशी सोडायची

विक्रीचा मार्ग मोकळा आहे. दुसऱ्या परवानाधारकाला विकायची तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं. घेणाऱ्याच्या परवान्यात त्याच प्रकारच्या शस्त्राची जागा आहे का ते स्वतः वाचून बघा. विक्रेत्याला विकली तर भाव कमी मिळतो पण कटकट कमी. जुन्या ठासणीच्या बंदुकीला भाव जवळजवळ नसतो, हे मनाशी धरूनच जा. ऐतिहासिक मोल असेल तर संग्रहालयाला पत्र लिहून विचारावं. पत्राबरोबर फोटो, शिक्क्यांचे फोटो आणि घराण्यातली माहिती जोडा. काहीच जमलं नाही तर पोलिसांकडे कायमची जमा करा.

विक्रेत्याकडे नुसती ठेवायला दिली तर भाडं चालू राहतं आणि परवान्याचं नूतनीकरणही तुमच्यावरच असतं. आणखी एक: निवडणूक आली की आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याचे आदेश निघतात. शस्त्रं जितकी जास्त तितक्या त्या फेऱ्या, पावत्या आणि परत घेतानाची तपासणी.

अमेरिकेतल्या मराठी माणसांसाठी थोडक्यात

तिथल्या संघीय कायद्यात संख्येची मर्यादा नाही, त्यामुळे वरचा सगळा हिशोब स्वतःच मांडावा लागतो. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर वैध शिकार परवान्यासारखा ठरावीक अपवाद लागू असल्याशिवाय बंदूक बाळगणं हाच संघीय गुन्हा आहे, मग ती मित्रानं रेंजवर हातात दिलेली का असेना. ग्रीन कार्डधारकांना ती आडकाठी नाही. राज्याराज्याचे नियम वेगळे. घर बदलताना नव्या राज्याचे नियम सामान भरण्याआधी वाचा. आणि पत्नीला किंवा पतीला तिजोरीत काय आहे, त्याचं काय करायचं, हे लिहून द्या, कारण तुमच्या पश्चात ते निस्तरायला भारतातून कुणी येऊ शकणार नाही.

शस्त्र विकलं किंवा जमा केलं की काम संपलं असं समजू नका. परवान्याच्या पुस्तकातली त्या शस्त्राची नोंद रद्द करून घ्या, उरलेली काडतुसंही त्याच वेळी जमा करा, पावतीवर क्रमांक नीट लिहिलाय का ते तिथेच उभं राहून तपासा, आणि तिची एक प्रत पुस्तकात, दुसरी घरातल्या दुसऱ्या माणसाकडे ठेवा.